थंडीत पिवळं पडलेलं लॉन उपटण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही अंदाज येईल. बेळगावजवळ गणेशपूरला घर, पुढं 40 बाय 20 फुटांचं अंगण, माती तांबडी. गेल्या जूनमध्ये मेक्सिकन लॉनचे तुकडे आणून अंथरले. दिवाळीपर्यंत नुसता गालिचा होता. निम्मा डिसेंबर सरला आणि पिवळं पडायला लागलं. तुम्ही दोनदा युरिया टाकलात, सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलंत. आता जानेवारीत ते अजूनही पिवळंच आहे, पाइपाजवळ शेवाळ धरलंय, आंब्याखाली टक्कल पडलंय आणि मधनंच लव्हाळा डोकं वर काढतोय. माळी म्हणतो, सगळं उपटून नवं टाकू.

उपटू नका. निदान एवढं एक करून बघितल्याशिवाय तरी नको.

खुरपं घ्या आणि पिवळ्या भागात, कडेपासून थोडं आत, वीतभर चौकोनाच्या तीन बाजू कापा. चौथ्या बाजूवर तो तुकडा वहीचं पान उलटावं तसा उलटा. वर पिवळी पाती दिसतील, त्याखाली वाळक्या काड्यांचा पातळ थर, आणि मातीत आडवी गेलेली दोऱ्यासारखी खोडं. त्यातलं एक खोड नखानं सोला. आतून पांढरं, ओलसर निघालं आणि मोडताना कट्‌ असा बारीक आवाज आला, तर गवत जिवंत आहे. तपकिरी, पोकळ किंवा बोटाखाली मऊ लागलं तर तेवढा भाग गेला. असं चार ठिकाणी बघा आणि चौकोन परत बसवून पायानं दाबून टाका. दहातली सहा-सात खोडं पांढरी असली तर एक रुपयाही नव्या लॉनवर घालू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून बहुतेक खोडं पांढरीच निघतील असं मला वाटतं.

आपल्याकडं लॉनला जी गवतं वापरतात, म्हणजे साधी हरळी, तिच्या जातीतलं सिलेक्शन नंबर वन, मेक्सिकन, कोरियन, ती सगळी उन्हाळी स्वभावाची. 27 ते 35 अंशांत ती जोमानं वाढतात. रात्री 15 अंशांच्या खाली गेल्या की वाढ थंडावते, हिरवा रंग उतरतो आणि गवत आपला साठा मुळांत नि आडव्या खोडांत राखून बसतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंगणात उभं राहून बघा, गवताला काय वाटत असेल ते कळेल. इंग्लंडातल्या चित्रांत थंडीतही हिरवीगार दिसतात ती गवतं जातीनंच वेगळी, ती इथल्या एप्रिलात टिकणार नाहीत. म्हणजे तुमचं लॉन आजारी नाही, ते झोपलंय. खरं आपण झोपलेल्याला जेवू घालतोय, तिथं घोळ होतो. उपटून नवं टाकलंत तरी पुढच्या डिसेंबरात तेही असंच पिवळं होईल.

युरियाचं आधी सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि तिची बोच अजून आहे. लॉनच्या धंद्यात पडून दोन-तीन वर्षं झाली असतील. बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका जुन्या बंगल्यात जानेवारीत लग्न होतं. घरच्यांना लॉन हिरवं हवं होतं आणि मीही ‘करून देतो’ म्हणून बसलो. भरपूर युरिया, रोज पाणी. आठवड्यात कोवळी हिरवी झाक आली, सगळे खूश. आणखी दहा दिवसांत थाळीएवढे तपकिरी गोल उमटले, ते वाढत वाढत परातीएवढे झाले. पात ओढली की बुडातनं अलगद हातात येई आणि बूड काळपट, कुजलेलं. थंड, ओल्या मातीत जोर धरणारी बुरशी आहे ती, रायझोक्टोनिया. मेक्सिकनच्या कुळातल्या गवतांना ती जास्त धरते, आणि थंडीत दिलेलं युरियातलं नत्र हे तिचं आवडतं खाणं. लग्न त्या डागांवर सतरंज्या टाकून झालं. तेव्हापासून नोव्हेंबर निम्मा झाला की मी कुणाच्याही लॉनला युरिया देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

तुमच्याकडं अजून असे गोल दिसत नसतील तर नशीब समजा आणि आजच दोन गोष्टी थांबवा, युरिया आणि रोजचं पाणी. पिवळेपणाचा फारच त्रास होत असेल तर 5 लिटर पाण्यात 25 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 5 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून, सकाळी कोवळ्या उन्हात बारीक फवारा मारा. वाढ न होता रंग थोडा गडद होतो. फरशीवर मात्र उडू देऊ नका, गंजाचे डाग पडले तर निघत नाहीत.

आता पाण्याचं. बेळगावात बहुतेकांना नळाच्या पाण्याचा भरवसा नाही. त्यामुळं ज्यांच्या परड्यात विहीर किंवा बोअर आहे ते मोकळ्या हातानं पाणी सोडतात, आणि ज्यांच्याकडं नाही ते रोज घाईघाईत पाइप फिरवून वरचेवर ओलं करतात. दोन्हीनं गवत बिघडतं. रोज वरवर शिंपडलं तर मुळं बोटभरातच घुटमळतात, आणि एप्रिलची ऊन लागली की पहिली तीच करपतात. थोड्या वेळा, खरं भरपूर द्यायचं. हिशोब सोपा आहे. तुमच्या 800 चौरस फुटांवर 25 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 1850 लिटर, हजार लिटरच्या टाकीच्या दोन टाक्यांना थोडं कमी. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एवढं पुरतं. तांबड्या जमिनीत ते दोनदा विभागून द्या, तिच्यात पाणी थांबत नाही. आत्ता थंडीत मात्र आठ दिवसांतनं एकदा, त्याच्या निम्मं, बास.

फवाऱ्यानं किती पडलं ते कसं कळणार? सपाट बुडाचे पाच-सहा डबे लॉनवर वेगवेगळ्या जागी ठेवा, अर्धा तास फवारा चालवा आणि पट्टीनं पाणी मोजा. बहुतेक घरांत एका डब्यात 12 मिलिमीटर आणि कोपऱ्यातल्या डब्यात 3, असं निघतं. तुमच्या पाइपाजवळचं शेवाळ हेच सांगतंय. पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं की पाती रात्रभर ओली राहते आणि बुरशीला आवतण मिळतं. पाणी हवंय का हे गवतच सांगतं. चालून गेल्यावर पावलाचा ठसा पाच मिनिटांनीही तसाच दिसला, रंगात निळसर राखाडी झाक आली, की त्या दिवशी द्यायचं. तोवर नाही.

आमच्या धंद्यात मला एक गोष्ट कुणाला पटवून देता आली असेल तर ती ही, की इथल्या लॉनचं वर्ष वळवापासून मोजायचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरून येतात, गारवा सुटतो, आणि एका सरीनंतर चार दिवसांत गवत जे अंग धरतं ते कुठल्या खतानं धरत नाही. मोठी कामं तेव्हा करायची, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मृग लागून संततधार सुरू व्हायच्या आत गवताला भरून यायला दोन-तीन आठवडे मिळाले पाहिजेत.

मोठी कामं म्हणजे काय? जुन्या लॉनमध्ये पाती आणि माती यांच्या मध्ये वाळक्या काड्यांची गादी तयार होते. ती अर्ध्या इंचापेक्षा जाड झाली तर पाणी, खत काहीच खाली पोचत नाही. अशा वेळी दाताळ्यानं आडवं-उभं ओढून ती काढायची. तुमचं लॉन सात महिन्यांचं, त्यात अजून गादी नसणार, म्हणून नुसतं हलकं दाताळं फिरवा. मेक्सिकन सावकाश भरतं. हरळी किंवा सिलेक्शन जेवढं ओरबाडून चालतं तेवढं मेक्सिकन ओरबाडलं तर ऑगस्टपर्यंत माती दिसत राहील. त्यानंतर काटेरी फावड्यानं चार-चार इंचांवर भोकं पाडा आणि वर चाळलेली तांबडी माती, वाळू आणि कुजलेलं खत यांचा थर द्या. थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, पातीची टोकं वर दिसली पाहिजेत. 800 चौरस फुटांना असं मिश्रण 13 घनफूट लागतं, म्हणजे ब्रासाचा आठवा हिस्सा. ट्रॅक्टरवाला अख्खा ट्रेलर ओतून जातो आणि ‘आणलीय तर पसरू’ म्हणून दोन-दोन इंच पसरलेली मी बघितलीय. त्याखाली गवत गुदमरतं.

शेणखत आणताना डोळ्यांत तेल घाला. तुमच्या अंगणातला लव्हाळा तिथनंच आला असण्याचा संभव जास्त. ओल्या, अर्धवट कुजलेल्या उकिरड्यात त्याचे गड्डे जिवंत असतात. वर्षभर मुरलेलं, काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खतच घ्या आणि चाळूनच टाका. त्यातल्या त्यात गांडूळखत बरं.

आणि लव्हाळा नुसता वरनं ओढू नका. पात तुटते, खालचा गड्डा राहतो, आणि गड्ड्याला गड्डा जोडलेली माळ असते ती, एक दुखावला की शेजारचे दोन फुटतात. पाऊस पडून माती मऊ झाली की बारीक खुरप्यानं गड्ड्यासकट उचला. दर पंधरा-वीस दिवसांनी नेमानं उचलत राहिलात तर गड्ड्यातला साठा संपत जातो. घरच्या अंगणाला मी हेच सांगतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडचे ऊसवाले लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारतात. ते हरळीला आणि मेक्सिकनला सोसतं, खरं त्याचं प्रमाण एकरी 36 ग्रॅमच्या आसपास असतं. तुमच्या अंगणाला पाऊण ग्रॅमसुद्धा लागत नाही, आणि घरात एवढं बारीक मोजायचा काटा कुणाकडं नसतो. अंदाजानं मारू नका. ग्लायफोसेटचं तर नावही काढू नका, ते लव्हाळ्याबरोबर लॉनही घेऊन जाईल.

खताचं वेळापत्रक म्हणाल तर मेक्सिकनला फार लागत नाही. तुमच्या जागेला एका वेळी 400 ग्रॅम युरिया, वर्षातनं चारदा. मार्चच्या सुरुवातीला, वळवानंतर, ऑगस्टात पाऊस ओसरताना आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पाती कोरडी असताना वाळूत मिसळून फेकायचं आणि लगेच पाणी द्यायचं, नाहीतर जिथं मूठ जास्त पडली तिथं जळकी बोटं उमटतात. ऑक्टोबरच्या हप्त्याबरोबर पाव किलो पोटॅश द्या, त्यानं थंडी सोसायला बळ येतं. जुलैत काही देऊ नका. आपल्या पश्चिमेकडच्या पावसात सगळं वाहून गटारीला जातं.

पावसाळ्यात दोनच गोष्टींकडं लक्ष हवं, पाणी साठणं आणि कापणी. अंगणाला 100 फुटांत एक फूट उतार असला पाहिजे, म्हणजे तुमच्या 20 फुटांच्या रुंदीत अडीच इंच. फरशीच्या कडेनं पाणी अडत असेल तर मे महिन्यातच चर काढून ठेवा. कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. मेक्सिकन एरवी दीड इंचावर ठेवा, पावसात दोनवर. दहा-बारा दिवस उघडीप न मिळाल्यानं ते घोट्याला लागलं तरी एका दमात खाली आणू नका, चार दिवसांच्या अंतरानं दोनदा कापा. एकदम बुडाशी आणलं की खालच्या काड्या उघड्या पडतात आणि हिरवं सगळं निघून जातं. माळ्याला सवय असते खरवडून काढायची, ‘आता महिनाभर बघायला नको’ म्हणतो. त्याला थांबवा.

पात्याला धार आहे का हे बघायला मशीन उघडायला नको. कापल्यावर दुसऱ्या दिवशी पातीचं टोक डोळ्याजवळ धरा. सरळ कापलेलं असेल तर धार ठीक. चिंध्या झालेलं, पांढुरकं दिसलं तर मशीन गवत कापत नाही, फाडतंय. मेक्सिकनची पात चिवट, तिला धार लवकर उतरते. तुमच्याएवढ्या अंगणाला हातानं ढकलायचं रिळाचं मशीन सगळ्यात चांगलं.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू जमिनीखाली असतो. हुमणी. ऊस-भुईमुगाच्या शेतात तिनं काय केलंय ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यापाशी, कडुलिंबावर, बाभळीवर जे तपकिरी भुंगेरे जमतात, त्यांचीच ही पिल्लं. मादी ओल्या जमिनीत अंडी घालते आणि जुलै ते सप्टेंबर आतली पांढरी, वाकडी अळी मुळं खात बसते. लॉन पिवळं पडतं, पाणी दिलं तरी सुधारत नाही, आणि एक दिवस कावळे, साळुंक्या त्यावर चोची मारताना दिसतात. ऑगस्टात जानेवारीसारखाच एक चौकोन उलटून बघा. मुळं शिल्लक नसली तर तुकडा सतरंजीसारखा अलगद उचलला जाईल. एका चौरस फुटात पाच-सहापेक्षा जास्त अळ्या निघाल्या तर उपाय करावा लागतो. एक-दोन असतील तर पाखरं काम करतात. मी पहिल्यापासून भुंगेरेच गोळा करायला लावतो, मुलांना बादलीत रॉकेल-पाणी देऊन. आणि जून-जुलैत ओल्या जमिनीत, संध्याकाळी, हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी खतात मिसळून पसरवतो. तिचा परिणाम सावकाश दिसतो, खरं अंगणात पोरं खेळतात तिथं विषारी दाणे पसरायला माझं मन धजत नाही.

ओघात आलं म्हणून सांगतो. भाद्रपदात गणपती आले की शेजारपाजारचे दूर्वा मागायला येतात. मेक्सिकन म्हणजे दूर्वा नव्हे, खरं कडेनं साधी हरळी घुसलेली असतेच, जिला आपले कन्नड शेजारी गरिके म्हणतात. त्या आधीच्या महिन्यात कसलाही फवारा मारला असेल तर स्पष्ट नाही म्हणून सांगा. तेच कापलेल्या गवताचं. गोठ्यात नेऊ देऊ नका.

आंब्याखालचं टक्कल मात्र खतानं भरणार नाही. मेक्सिकनला निदान चार-पाच तास ऊन लागतं, हरळीला सहाच्या वर. दाट आंब्याखाली दोन तासही मिळत नाही, शिवाय वरची मुळं पाणी ओढून घेतात. आंबे उतरल्यावर जूनमध्ये खालच्या दोन-तीन फांद्या काढून ऊन आत घेता आलं तर बघा. नाहीतर तेवढा गोल सोडून द्या. जांभ्या दगडाची कड लावून आत पालापाचोळा राहू द्या, बाक टाका, किंवा मोंडो गवत लावा, ते सावलीत सुखानं राहतं. दरवर्षी त्याच जागी नवे तुकडे आणून अंथरणारी घरं मला माहीत आहेत. त्या पैशात दोन बाक आले असते.

वाचणाऱ्यांत निपाणी, चिकोडी, गोकाककडचेही असतील, त्यांच्यासाठी वेगळं सांगावं लागतं. काळ्या जमिनीत पाणी धरून ठेवायची ताकद जास्त, म्हणून पाण्यातलं अंतर वाढवा, उन्हाळ्यातसुद्धा आठवड्यातनं एकदा पुरतं. लॉन करताना तिकडं हमखास होणारी चूक म्हणजे काळ्या मातीवर दोन-तीन इंच तांबडी माती ओतून त्यावर गवत अंथरणं. पहिलं वर्ष छान जातं. पावसाळ्यात वरचं पाणी काळ्या थरावर अडतं आणि मुळं त्या रेघेच्या खाली उतरतच नाहीत. खालची माती निदान सहा इंच खणून, त्यात वाळू, खत आणि तांबडी माती कालवूनच एकजीव करा. चुनखडीच्या जमिनीत नवी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, तिथं वरचा फेरसचा फवारा खरोखर औषध आहे. उलट आपल्या खानापूर-गणेशपूर बाजूची तांबडी माती आंबट असू शकते, तिला चुना लागतो. किती ते माती तपासल्याशिवाय कुणी सांगू नये. मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात.

आता तुमच्यापुरतं. आज पाणी बंद करा आणि पाच दिवस लॉनवर चालू नका. शेवाळ दाताळ्यानं खरवडून काढा, त्या जागी भोकं पाडा. आंब्याची पडलेली पानं रोज झाडा, त्यांच्याखाली ओल कोंडते. पुढच्या आठवड्यापासून आठ दिवसांतनं एक पाणी, साधारण 900 लिटर. कापणी फेब्रुवारी संपेपर्यंत नको. मग होळीच्या आसपास, रात्रीचं पांघरूण नकोसं व्हायला लागलं की, आज कापलेलाच चौकोन परत उलटा. त्या पांढऱ्या खोडांच्या पेऱ्यांवर तांदळाच्या कणीएवढे टोकदार कोंब दिसले की 400 ग्रॅम युरियाची पिशवी उघडा आणि माळ्याला बोलवा, पहिल्या कापणीला.